मीठ बघ गं

सुरेखाच्या स्वयंपाकघरात एक रीत होती. ती कुणी घालून दिली नव्हती, आपोआप पडली होती. गिऱ्हाइकांचे डबे भरायच्या आधी सुरेखा पळी पुढं करायची आणि म्हणायची, "मीठ बघ गं." मग तिच्या लेकीनं, संस्कृतीनं, तळहातावर रस्सा घ्यायचा, जिभेला लावायचा आणि काय ते सांगायचं. तिनं मान डोलावल्याशिवाय पुंडलिकनगरातल्या त्या घरातून एकही डबा बाहेर पडत नसे.

खोटं कशाला सांगा, सुरेखाच्या स्वतःच्या जिभेला काही म्हणजे काही कळत नव्हतं. माहेर कन्नडकडचं. लग्नाच्या आधीपासून मिसरी लावायची सवय. भाजलेल्या तंबाखूनं दात काळे झाले ते झालेच, जीभही पार बधिर होऊन बसली. भाजी सगळी हाताच्या अंदाजानं व्हायची. स्पर्धा परीक्षेची पोरं, दवाखान्यातल्या नर्सा, सगळे म्हणायचे, मावशी, तुमच्या हाताला काय चव आहे! कसली हाताला चव! चव होती पोरीच्या जिभेला. चौथीत असताना ही एकदा म्हणाली, "आई, आज हिंग दुसरा आहे," आणि खरंच, गोकुळनं दुकान बदललं होतं. गोकुळ म्हणजे सुरेखाचा नवरा. वाळूजला कंपनीत कामाला होता आणि शिफ्ट सांभाळून डबे पोचवायचा. तो लेकीला कौतुकानं 'आमचा तराजू' म्हणायचा.

तर तो तराजू यंदा दिवाळीनंतर हलायला लागला.

संस्कृती फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आधी तिची झोप गेली. मग न्हाणीतून अर्ध्यातच डोकं बाहेर काढून विचारायची, "आई, हाक मारलीस?" कुणी मारलेली नसायची. क्रांती चौकात तिला बस बदलावी लागे. तिथं उभी असलेली माणसं आपल्याकडं बघून काहीतरी बोलतात, असं तिला वाटायला लागलं. "असं काही नसतं हे मला कळतं गं," ती म्हणायची, "पण वाटतंच." मग मैत्रिणी सुटल्या, कॉलेज सुटायला आलं. तिच्या एका शिक्षिकेनं ते हेरलं आणि मानसोपचाराच्या डॉक्टरकडं पाठवलं.

डॉक्टर तहरीम वयानं तरुण होत्या, बोलायला मऊ. सुरेखानं आत गेल्या गेल्या सरळच विचारलं, "म्याडम, वेडी हाय का माझी पोरगी?"

"नाही."

"मग चांगली हाय?"

"तसंही नाही म्हणता येत, ताई." डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "काही जणांना मोठा आजार यायच्या आधी अशा खुणा दिसतात. खुणा दिसल्या म्हणजे आजार येतोच असं बिलकुल नाही. बऱ्याच मुलांना तो येतच नाही. पण आत्ताच हात दिला तर तो टळायची शक्यता वाढते. आणि आलाच, तर लवकर सापडतो."

"मग गोळ्या?"

"आत्ता नाही. आत्ता झोप, दर आठवड्याला माझ्याशी बोलणं, आणि तुमचं घर."

सुरेखाचं डोकं चालेना. ताप असतो नाहीतर नसतो. दूध नासलेलं असतं नाहीतर चांगलं असतं. नासलं नाही पण नासू शकतं, असं तर जगातलं सगळंच दूध असतं की! न आलेल्या आजारावर इलाज करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आणि आलाच नाही, तर तो इलाजानं टळला की मुळात येणारच नव्हता, हे कुणी सांगायचं? गोकुळला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय माहीत? तू आत होतीस ना?" दोघंही आत होती.

एक गोष्ट मात्र तिला पक्की कळली, कारण डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला असा त्रास होता का?" आणि भीती कशाची ते सुरेखाला उमगलं. फकिरा. तिचा पाठचा भाऊ. संस्कृतीएवढाच होता, तेव्हा म्हणायला लागला की विहिरीवरची मोटर मला नावानं हाक मारते. सगळे हसले. गावातली पोरं मुद्दाम त्याला मोटरीपाशी नेऊन बसवायची. पुढं तो हसण्यासारखा राहिला नाही. मग खोली, मग खोलीला कडी, आणि एका बाजारच्या दिवशी कन्नडच्या गर्दीतून तो जो गेला तो गेलाच. आई मरेपर्यंत त्याचं ताट वाढायची. सुरेखानं हे सगळं सांगितलं आणि संस्कृती शेजारी बसून ऐकत राहिली.

"त्याला वेळेत कुणी विचारलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आपण विचारतोय."

आणि खरंच त्यांचा इलाज म्हणजे विचारणंच होता. शंका आली की ती दाबायची नाही आणि लगेच खरीही मानायची नाही. तपासून बघायची. "तुझा सगळ्यात जास्त भरवसा कुणावर?" त्यांनी संस्कृतीला विचारलं.

"आईवर."

"मग शंका आली की आधी आईला विचार. आणि ताई, तुम्ही जे आहे तेच सांगायचं. तिला बरं वाटावं म्हणून गोड नाही, भिऊन कमी नाही. जे आहे ते."

"त्यात काय म्याडम, सांगते की!" सुरेखा म्हणाली. त्या वेळी तिला ते सगळ्यात सोपं काम वाटलं होतं.

सोपंच होतं तसं. "आई, वरच्या मजल्यावरचे माझ्याबद्दल बोलतायत का?" सुरेखा जिन्यात जाऊन कान देऊन यायची. "नाय गं बाई, त्यांचं नळावरून जुंपलंय." संस्कृती हसायची. तिची झोप हळूहळू परत आली. आठवड्याला डॉक्टरांकडं जाऊन यायची, अंधार पडला की मोबाईल आईकडं द्यायची, पहाटे गोकुळबरोबर फिरायला जायची. हाक अजून यायची, पण "आली, गेली," असं स्वतःच सांगायची. सुरेखाचा जीव जरा भांड्यात पडला.

अशात वच्छलाक्का आली. वच्छलाबाई म्हणजे सुरेखाची थोरली बहीण, अजून तिकडंच, कन्नडजवळच्या वस्तीवर. पिशवीत शेंगा, तोंडात गावच्या गोष्टी आणि नजर करड्या मास्तरासारखी. पोरीकडं एकदा बघितलं आणि सुरेखाला मोरीपाशी ओढलं.

"सुरेखे, ही फकिरावर चाललीय."

"आक्का, गप बस. डाक्टर बघतीय."

"डाक्टर काय देती?"

"काय नाय. बोलती."

"बोलती!" अक्कानं कपाळाला हात लावला. "तवा मी फकिरासाठी मळ्यातल्या देवाचा अंगारा आणला हुता. दादांनी फेकून दिला. म्हणून गेला तो. आता तूबी तेच कर." आणि कमरेच्या पिशवीतून तिनं कागदाच्या पुड्या काढल्या. "सकाळच्या च्यात चिमूटभर. गुरुवार चुकवू नको. अन् तिला सांगू नको. सांगितलं की त्याचा गुण उतरतोय."

सुरेखानं पुड्या घेतल्या. का घेतल्या म्हणाल, तर तिचा डॉक्टरांवर भरवसा नव्हता असं नाही. पण दादांनी, म्हणजे वडिलांनी, पुडी फेकली ते तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. त्यानंतर फकिरा गेला, हेही बघितलं होतं. लेकरासाठी दोन दारं उघडी असली तर एकच का ठोठावायचं? अंगारा काय, चुलीतल्या राखेइतका साधा, त्यानं कुणाचं काय वाईट होतं? तिनं पुड्या मोहरीच्या डब्यात खाली दडवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून चहात चिमूट पडायला लागली.

काही दिवस कुणाला काही कळलं नाही. पोरगी बरीच होत होती. पण आता गुण कशाचा, डॉक्टरांच्या बोलण्याचा की अक्काच्या पुडीचा? सुरेखाला उमजेना. तिनं उमजून घ्यायचं सोडूनच दिलं.

मग एका सकाळी संस्कृतीनं कप तोंडापासून दूर केला. "आई, चहात काहीतरी आहे."

"काय असणार?"

"राखेसारखं. अगदी बारीक."

"उतू गेला हुता. भांड्याला लागलं असंल."

पोरीनं मान डोलावली आणि चहा प्यायली. पण दुसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली, डॉक्टरांनी शिकवलं होतं तशी, शांतपणे. "आई, मी शंका तपासतेय. चहात काही टाकतेस का? खरं सांग."

सुरेखाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. डॉक्टरांचं म्हणणं कानात होतं आणि अक्काचंही. सांगितलं की उतरतं. उतरलं की फकिरा.

"नाय गं माझी बाय," ती म्हणाली. "काय टाकू मी?"

"बरं," संस्कृती म्हणाली. "मग मला वाटतंय नुसतं."

हे खोटं बोलणं झालं का? सुरेखा दिवसभर कांदे चिरत त्याचाच विचार करत राहिली. विष घालतात त्याला घालणं म्हणतात. औषध चोरून देतात त्याला फसवणं म्हणतात. देवाचा अंगारा तर घरादाराच्या कपाळाला लागतो, मग तो पोटात गेला तर पाप कसं? पण मग पोरीनं "बरं" म्हटल्यावर आपल्याला तिच्याकडं बघवलं का नाही? दुपारपर्यंत तिचंच डोकं भणभणायला लागलं.

पुढं सगळं भराभर उलटं झालं. संस्कृतीनं चहा सोडला. मग सुरेखानं चिमूट गुरुवारच्या वरणात टाकली. पोरगी वरण नुसतं हुंगून बाजूला सारायची. पाणी प्यायच्या आधी ग्लास स्वतः विसळायची, जेवल्यावर पुन्हा पुन्हा चूळ भरायची. रोज विचारायची, रोज तेच उत्तर मिळायचं, आणि रोज ती आणखी गप्प व्हायची. झोप परत उडाली. संस्कृतीनं गोकुळला विचारलं तर त्या बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. तो वैतागून म्हणाला, "डोकं फिरलंय का तुझं?" आणि मग स्वतःच घाबरून अंगणात जाऊन उभा राहिला.

सुरेखानं अक्काला फोन लावला. "आक्का, पोरगी बिघडत चाललीय."

"म्हंजे जोर करतंय ते. चिमूट वाढव."

सुरेखानं चिमूट वाढवली. आता यावर काय बोलायचं! आईच ती. आग विझवायला धावली होती, हातात काय आहे ते बघायचंच राहून गेलं.

एके दिवशी वांग्याचा रस्सा तयार झाला, डबे उघडे मांडले, आणि सुरेखानं नेहमीसारखी पळी पुढं केली. "मीठ बघ गं."

संस्कृतीनं पळीकडं बघितलंसुद्धा नाही. "बाबांना विचार," ती म्हणाली. "माझ्या जिभेचं आता काही खरं नाही."

त्या दिवशी डबे तसेच गेले. संध्याकाळी पोरांचे फोन आले, मावशी, आज काय समुद्रच ओतला की काय. निम्मी भाजी डब्यांतून परत आली. सुरेखा ती बादलीत ओतत होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. भाजीचं दुःख नव्हतं. फकिराही शेवटी शेवटी म्हणायचा, मला विचारू नका, माझं काही खरं नाही.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी तिघांनाही बोलावलं. संस्कृती मध्ये बसली. बरीच वाळली होती.

"बाकीच्या शंका ती तपासते आणि त्या जातात," डॉक्टर तहरीम म्हणाल्या. "ही खाण्याची एकच जात नाही. उलट घट्ट होत चाललीय. ताई, ती विचारते तेव्हा तुम्ही काय सांगता?"

"काय नाय म्हणून सांगते," सुरेखा म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"हं." डॉक्टरांनी सुस्कारा टाकला. "मग मला गोळी सुरू करायचा विचार करावा लागेल. गोळी काही वाईट नसते, लागली तर घ्यायचीच. पण आजाराकडं पाऊल पडलंय असा त्याचा अर्थ होईल, म्हणून मी इतके दिवस थांबले होते. संस्कृती, तुला काय वाटतं?"

संस्कृतीनं आपल्या हातांकडं बघितलं. "द्या गोळी," ती म्हणाली. "मॅडम, मला आईवर शंका नाही. आई माझ्याशी खोटं बोलणार नाही. म्हणजे माझी जीभच खोटं बोलते. लहानपणापासून सगळ्या घरात एकट्या माझ्या जिभेला कळायचं. तीच खोटी निघाली, तर मग माझ्यातलं खरं काय राहिलं? मला मामासारखं बाजारातून निघून जायचं नाही."

सांगितलं तर उतरेल. उतरलं तर पोरगी जाईल. आणि नाही सांगितलं तर? पोरगी तर आत्ता इथंच, तिच्या शेजारी बसून, चालली होती. आईच्या एका शब्दावर भरवसा ठेवून स्वतःला वेडी ठरवत होती. कुठलं खरं आणि कुठलं खोटं, याचा गुंता तिला सुटला नाही तो नाहीच. तिला एवढंच दिसलं, की पोरगी गोळीला तयार होऊन बसलीय.

"हाय," ती म्हणाली.

"काय हाय?" गोकुळ दचकला.

"च्यात हाय. अंगारा. आक्कानं दिला, मी घालते." आणि थांबलं तर परत बोलता येणार नाही अशा भीतीनं तिनं पुढचंही सांगून टाकलं. "अन् वरणात."

"गुरुवारी," संस्कृती म्हणाली.

"व्हय. गुरुवारी."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. संस्कृतीच्या चेहऱ्यावर काय आलं ते सुरेखाला वाचता येईना. ती हसल्यासारखी झाली, मग तोंड वेडंवाकडं झालं, मग तेही गेलं.

"म्हणजे माझी जीभ बरोबर होती."

"व्हय गं बाय. एकदम बरोबर."

"आणि मी ग्लास धूत होते, चुळा भरत होते, आणि तू तिथं उभी राहून बघत होतीस."

'तुझ्यासाठीच' असं सुरेखाच्या तोंडावर आलं होतं, पण ते तिनं गिळलं. इतकी अक्कल तिला त्या घटकेला देवानं दिली.

"ताई," डॉक्टर शेवटी म्हणाल्या, "तुमच्यावर रागावू की तुमचे आभार मानू, मलाच समजेना. मीसुद्धा घरात अंगारा, गंडा, दम केलेलं, मंतरलेलं पाणी काही चालू आहे का, हे स्पष्ट विचारायला हवं होतं. आमच्या घरात माझी फूफी, म्हणजे आत्या, हेच करायची." मग त्या संस्कृतीकडं वळल्या. "चहाची शंका ही शंका नव्हतीच. ती आपण काढून टाकू. पण हाक अजून येते, झोप बिघडलीय, ते खरं आहे. आपलं काम संपलेलं नाही. गोळीचं आज नको, पुढच्या वेळी बघू. येशील ना?"

"येईन," संस्कृती म्हणाली. "एकटी येईन."

तिघं एकाच गाडीवरून घरी आली. सुरेखानं घरात पाऊल टाकल्याबरोबर मोहरीचा डबा उपडा केला आणि उरलेल्या पुड्या संस्कृतीसमोर ठेवल्या. "फेकू म्हणतीस तर फेकते. कपाळाला लाव म्हणतीस तर लावते. तू म्हणशील तसं." संस्कृतीनं पुड्या उचलल्या नाहीत आणि फेकायलाही सांगितलं नाही. त्या तशाच ओट्यावर राहिल्या. अंगारा उतरला की नाही उतरला, पोरगी आता कुठल्या वाटेनं जाणार, सुरेखाला काही काही कळत नव्हतं. अक्काचा फोन वाजला तो तिनं उचलला नाही.

सकाळी संस्कृतीनं आपला चहा आपण केला. सुरेखा दाराशी उभी होती. "मला दे घोटभर," म्हणायची तिची छाती झाली नाही.

मग डब्यांची वेळ झाली. बटाट्याचा रस्सा उकळत होता, गोकुळ बाहेर गाडी पुसत होता. सुरेखानं सवयीनं पळी भरली आणि तोंडातून निघूनच गेलं, "मीठ बघ गं." म्हटलं आणि जीभ चावली.

संस्कृती आली. पळीकडं बघितलं, मग आईकडं. "आधी तू."

सुरेखानं तळहातावर रस्सा घेतला आणि आपल्या त्या मेलेल्या जिभेवर ठेवला. नुसतं गरम लागलं. ती गिळून उभी राहिली. पोरीनं तिचा गळा हलताना नीट बघितला, मग स्वतःच्या हातावर घेतलं आणि चाखलं. पूर्वी क्षणात सांगायची. आज डोळे मिटून उभी राहिली, पुन्हा थोडं घेतलं.

"कमी आहे," ती म्हणाली. मग चेहऱ्यावर परत तेच सावट आलं. "आहे ना कमी? आई, खरं सांग."

'आहे' म्हणणं किती सोपं होतं. पोरीला बरं वाटलं असतं.

"मला नाय कळत बाय," सुरेखा म्हणाली. "मला कधीच नाय कळालं. तुलाच कळतंय."

बाहेर गोकुळनं गाडी चालू केली आणि हॉर्न दिला. मग संस्कृतीनं मिठाचा डबा पुढं ओढला, चिमूट घेतली, आईला दिसेल अशी वर धरली आणि रश्शात टाकली.